अभिप्रायवहीचे पुढे काय होते?

नाटकाची तिसरी घंटा व्हायला अवकाश आहे म्हणून सहज आत डोकावणारे कुटुंब, हा जंगली महाराज रस्त्यावरील बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनाचा नेहमीचा प्रेक्षक. चित्रे पाहण्यासाठी तो घरून निघालेला नसतो. चित्रांना असा प्रेक्षक मिळावा, ही पुण्याच्या सांस्कृतिक इतिहासातली लहान गोष्ट नव्हे.

या वास्तूची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसवली गेली. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, यशवंतराव चव्हाणांनी उद्घाटन केले तेव्हा ते हयात नव्हते; आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते. रंगमंदिराच्या उभारणीत पु. ल. देशपांडे यांचा पुढाकार होता, हे सर्वज्ञात आहे. कलादालनाविषयी मात्र असे काहीच कुणी सांगत नाही.

त्याचे कारण दालनाच्या स्वरूपातच असावे. दालन महापालिकेचे, भाडे भरून, तारीख मिळवून कोणीही तेथे प्रदर्शन मांडावे. निवृत्तीनंतर जलरंगांकडे वळलेला कारकून आणि कलामहाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला विद्यार्थी यांना एकाच भिंती मिळतात. दर्जाची तक्रार यातूनच उद्भवते, आणि ती खोटी नाही. पण निवड करणारा कोणी नसल्यामुळेच हे दालन शहराचे झाले, असे आम्हांला वाटते. साताऱ्याच्या औंधात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभारले. एका रसिक राजाची निवड तिथे आजही पाहता येते, अगदी हेन्री मूरच्या शिल्पासह. पुण्याच्या दालनात मात्र प्रदर्शन संपले की भिंत पुन्हा कोरी होते.

उरते ती अभिप्रायवही. तीही चित्रकार घरी नेतो. 'छान', 'सुंदर प्रयत्न' यांच्या गर्दीत एखाद्याने मनापासून लिहिलेली चार वाक्ये असतात. रसास्वादाची चर्चा आपण वर्गात ज्या आधारांनी करतो, त्यांपेक्षा ती कमी मोलाची नाहीत. अर्ध्या शतकाहून अधिक काळाच्या या वह्या पुण्यातल्या माळ्यांवर विखुरलेल्या असणार.

वास्तूत कायम राहिली ती गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची तैलचित्रे, आणि तीही रंगमंदिरात! २०१८ पासून पुनर्विकासाचा वाद पेटला, तेव्हाही जिव्हाळ्याने बोलले गेले ते रंगमंचाविषयी. कलादालनाचा उल्लेख बहुधा सोयींच्या यादीतच आला. माळ्यावरच्या त्या वह्या कोणी मागितल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.