पंचरंगी सामने आणि आपले सामने

स्मरणिकेच्या संपादक-मंडळाने यंदा आमच्याकडून एखादा ऐतिहासिक लेख मागविला, आणि विषय आमच्यावरच सोपविला. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक, आणि उभे आयुष्य प्राथमिक शाळेत गेलेले. संशोधन करावे असा आमचा अधिकार नाही. तथापि मिरा-भाईंदर शाखेच्या क्रिकेट-सामन्यांच्या निमित्ताने जो प्रश्न गेल्या वर्षी आमच्यापुढे उभा राहिला, त्याची पाळेमुळे मुंबईच्या इतिहासात फार खोल गेलेली आहेत असे वाचनांती दिसून आले. तीच हकीकत ज्ञातिबांधव व भगिनींपुढे ठेवीत आहोत.

भाईंदरहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत उजव्या हाताची खिडकी मिळाली, तर चर्नी रोड सोडल्यावर समुद्राच्या बाजूस हिरवीगार मैदाने एकामागून एक लागतात. त्यांवरील पाट्या वाचीत जावे. हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना! आमच्यासोबत एकदा सहलीस आलेल्या चौथीच्या एका मुलाने विचारले होते, "गुरुजी, चेंडू त्या मैदानातून ह्या मैदानात गेला तर कोणी आणायचा?" त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली.

मुंबईत देशी लोकांमध्ये क्रिकेट प्रथम उचलले ते पारशी मंडळींनी. १८४८ साली त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब निघाला. साहेबांचा बॉम्बे जिमखाना १८७५ चा. परंतु किल्ल्याबाहेरील ज्या मोकळ्या मैदानावर देशी मुले खेळत, त्याच मैदानावर गोऱ्यांचे घोडे पोलोसाठी धावत आणि खेळपट्टीची पार वाताहत होई. त्याविरुद्ध देशी खेळाडूंनी सरकारदरबारी अर्ज केले, आणि ही कैफियत शापूरजी सोराबजी नामक पारशी गृहस्थाने पुढे १८९७ साली पुस्तकरूपाने लिहून ठेविली. पुढे सरकारने समुद्रकाठी जागा दिल्या त्या धर्मवार दिल्या. जमीन अशी वाटली गेली म्हणून संघही तसेच झाले, की संघ तसे होते म्हणून जमीन तशी वाटली गेली, याचा निवाडा करणे कठीण आहे. आमच्या मते दोन्ही गोष्टींनी एकमेकींस बळ दिले.

हिंदूंमध्ये तर विभागणी याहून बारीक होती. गौड सारस्वत, क्षत्रिय, मराठा अशा नावांचे क्रिकेट क्लब मुंबईत एकोणिसाव्या शतकातच निघाले होते. तेव्हा ज्ञातीच्या नावाने बॅट-चेंडू हाती घेणे ही काही आपल्या शाखेने काढलेली नवी टूम नव्हे. त्यात केवळ वाईटच होते असेही आम्ही म्हणणार नाही. नव्याने शहरात आलेल्या तरुणास ओळखीची चार माणसे कोठे भेटणार, तर ज्ञातीच्या क्लबात. त्याला मैदान मिळे, सोबत मिळे, प्रसंगी नोकरीही मिळे. आपली संस्था तरी अन्य कशासाठी निघाली?

१८९० साली पारशांनी इंग्लंडहून आलेल्या व्हर्नन यांच्या संघास चार गडी राखून हरविले. १९०६ साली हिंदू संघाने बॉम्बे जिमखान्यावर युरोपियनांचा १०९ धावांनी पाडाव केला. पुढील वर्षी सामने तिरंगी झाले, १९१२ मध्ये मुसलमान संघ आल्यावर चौरंगी, आणि १९३७ साली 'शेष' संघाची भर पडून पंचरंगी. या शेष संघात ख्रिस्ती, ज्यू इत्यादी, म्हणजे चारही खणांत न बसणारी मंडळी. सबंध हिंदुस्थानात त्या काळी या सामन्यांइतका लोकप्रिय क्रीडोत्सव नव्हता. गणेशोत्सव व दिवाळी यांच्याप्रमाणेच मुंबईकर त्यांची वाट पाहत असत. १९३४ पासून तळ्यारखान यांचे धावते वर्णन नभोवाणीवरून ऐकू येऊ लागले, तेव्हा ज्यांना तिकीट परवडत नसे तेही दुकानांपुढे घोळक्याने उभे राहू लागले.

१९०६ च्या त्या विजयात ज्याचा मोठा वाटा होता, त्या पुरुषाची हकीकत मात्र सावकाश सांगितली पाहिजे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले, जन्म १८७६ चा. पुण्यास गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम त्यांना मिळाले; पगार महिना चार रुपये. फलंदाजीचा सराव करणाऱ्या साहेबांना चेंडू टाकता टाकता त्यांचा डावखुरा हात असा तयार झाला की, पुण्याच्या हिंदू क्लबास त्यांच्यावाचून गत्यंतर उरले नाही. मैदानात ज्यांनी त्यांच्या हातचा चेंडू झेलला, त्यांनीच चहाच्या वेळी त्यांना बाहेर बसवून मातीच्या निराळ्या भांड्यातून चहा दिला. चेंडू सर्वांच्या हातून फिरतो, त्याला विटाळ नाही. पेल्याला मात्र आहे, असे हे शास्त्र!

पुढे बाळू मुंबईस आले. काही सभासदांचा विरोध असतानाही हिंदू जिमखान्याने त्यांना संघात घेतले. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली. आपल्या भाईंदरवरून जाणारी आजची पश्चिम रेल्वे ती हीच. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो संघ इंग्लंडला गेला, त्याची कामगिरी एकंदरीत सामान्यच होती, परंतु त्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले. इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्यास आले नाही. १९२० साली त्यांना संघातून वगळण्यात आले, तेव्हा शिवराम व विठ्ठल या त्यांच्या बंधूंनी निषेधार्थ खेळण्याचे नाकारले. अखेर तडजोड होऊन बाळू उपकर्णधार म्हणून परत आले. १९२३ मध्ये मात्र विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षीचा चषक हिंदूंनी युरोपियनांना हरवून जिंकला. विठ्ठलरावांनी आपले आत्मवृत्त मराठीत लिहिले आहे. आपल्या वाचनालयात ते असावयास हवे. बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले, हेही येथे नमूद केले पाहिजे. १९५५ साली ते निवर्तले.

आमचे तीर्थरूप गिरगावात वाढलेले. १९४३ च्या पंचरंगीचा अंतिम सामना त्यांनी ब्रेबॉर्न स्टेडियमवर पाहिला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. हिंदूंनी पाच गडी गमावून ५८१ धावांवर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. शेष संघाचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात त्यांच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या! हजारे सांगलीचे, धर्माने ख्रिस्ती, म्हणून शेष संघात. दुसऱ्या टोकाला त्यांचे बंधू विवेक. दोघांनी ३०० धावांची भागी केली, त्यात विवेक यांचे अवघे २१. हिंदू संघ डावाने जिंकला. परंतु तीर्थरूप घरी ही गोष्ट सांगत तेव्हा जिंकलेल्या संघाचे नाव शेवटी, किंबहुना विसरूनच जात. "आपला सांगलीचा पोरगा," असे ते हजाऱ्यांविषयी म्हणत. पंचरंगीच्या कोष्टकात मात्र हा सांगलीचा मराठी बोलणारा पोरगा 'आपला' नव्हता.

या सामन्यांस विरोध आधीपासून होता. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्यास महात्माजींकडे सल्ल्यासाठी गेली. महाविद्यालये वा संस्था यांच्यातील सामने आपण समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुसलमान अशा संघांचे प्रयोजन काय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या वर्षी हिंदूंनी माघार घेतली; पुढच्या वर्षी ते पुन्हा उतरले. सामन्यांचे पाठीराखे म्हणत की मैदानावर वैर नसते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुसलमान संघाने हिंदूंवर एकच गडी राखून विजय मिळविला, आणि तोही सामना सुखरूप पार पडला. पण देशातील वातावरण दिवसेंदिवस बिघडत चालले होते. १९४६ मध्ये पंचरंगी सामने कायमचे बंद झाले. मुंबईचे क्रिकेट त्यावाचून अडले नाही. १९४८ पासून भर पावसाळ्यात कांगा लीग सुरू झाली, १९७५ पासून वानखेडेवर कसोटी सामने होऊ लागले, आणि २ एप्रिल २०११ च्या रात्री तेथे विश्वचषक जिंकणाऱ्या अकरा जणांची जात-पात भाईंदरच्या रस्त्यांवर नाचणाऱ्या कोणी विचारल्याचे आमच्या कानी आले नाही.

आता आपल्या सामन्यांविषयी. मिरा-भाईंदरला १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका झाली, त्या अवधीत मिठागरांच्या या गावाचे शहर झाले, आणि चाळीतल्या दोन खोल्या सोडून आपली कितीतरी कुटुंबे येथे राहावयास आली. त्यांची मुले एकत्र यावीत म्हणून शाखेने टेनिस चेंडूचे सामने सुरू केले. मंडप, दिवे, ध्वनिक्षेपक, भगिनींनी केलेला अल्पोपहार, असा तो दोन दिवसांचा उत्सवच असतो, आणि आम्हास तो मनापासून प्रिय आहे. त्याच्या नियमावलीत एक कलम असे आहे की, खेळाडू वडिलांकडून ज्ञातीतील असला पाहिजे.

गेल्या वर्षी नावनोंदणीच्या मेजाशी आम्ही होतो. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा अर्ज घेऊन आला. आडनाव आपल्यातले नव्हते. त्याची आई आपल्या ज्ञातीतली, आमचीच विद्यार्थिनी. तिने परज्ञातीत विवाह केला. स्मरणिकेसाठी दरवर्षी ती न चुकता वर्गणी पाठविते, आणि ती वर्गणी आपण आडनाव न पाहता घेतो. आम्ही त्या मुलास कलम दाखविले. तो म्हणाला, "बरं, सर," आणि बॅट पाठीला लावून निघून गेला. सायंकाळी बक्षीस-समारंभाच्या वेळी तो मैदानाच्या कुंपणापाशी उभा राहून सामना पाहत होता. अल्पोपहाराची ताटली घेऊन त्याच्याकडे जावे असे आमच्या मनात आले; पण ती ताटली त्याला कुंपणाबाहेर द्यावी लागली असती, आणि आम्ही गेलो नाही. बाळूंच्या चहाच्या पेल्याविषयी आम्ही वाचले ते त्यानंतर तीन महिन्यांनी.

कलमातील 'वडिलांकडून' हा शब्द काढून त्या जागी 'आई अथवा वडील यांपैकी कोणाहीकडून' असे शब्द घालावेत, तसेच प्रत्येक संघात ज्ञातीबाहेरील दोन शेजारी मुलांस मुभा असावी, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे दिली आहे. पहिल्या भागास बहुतेकांची संमती दिसते. दुसऱ्यास विरोध आहे, व विरोध करणारे आमचे स्नेहीच आहेत. मग ज्ञातीचे सामने म्हणावे तरी का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्यावर आमच्यापाशी पुरेसे उत्तर नाही. सूचना वार्षिक सभेपुढे येईल, तेव्हा अधिकाधिक सभासदांनी उपस्थित राहावे. नोंदणीचे काम यंदाही आमच्याकडेच आहे. सूचनेचा पहिला भाग संमत झाला, तर अर्जाचा एक कोरा नमुना घेऊन आम्ही त्या मुलाच्या घरी स्वतः जाणार आहोत.