पांतानी, मार्को

(१३ जानेवारी १९७०–१४ फेब्रुवारी २००४). विख्यात इटालियन व्यावसायिक सायकलपटू. जन्म इटलीतील चेझेना येथे. बालपण एड्रिॲटिक किनाऱ्यावरील चेझेनातिको ह्या गावी गेले. १९९२ मध्ये हौशी स्पर्धकांची इटली-परिक्रमा जिंकून तो त्याच वर्षी व्यावसायिक झाला. १९९४ मध्ये ‘जीरो दीतालिया’ ह्या शर्यतीत दुसरा व ‘टूर द फ्रान्स’मध्ये तिसरा क्रमांक मिळवून त्याने जाणकारांचे लक्ष वेधले.

सपाट रस्त्यावर वाऱ्याचा रोध हा सायकलस्वाराचा मुख्य अडथळा असतो. उलट घाटात बरीचशी शक्ती स्वतःचे वजन वर नेण्यातच खर्च होते. त्यामुळे सडपातळ, सु. ५७ किग्रॅ. वजनाचा पांतानी चढणीवर अजोड ठरे. वेळेविरुद्धच्या एकेरी शर्यतीत मात्र तो मागे पडत असल्याने त्याचे यश डोंगरी टप्प्यांवरच अवलंबून असे. डोक्याला बांधलेला रुमाल व कानातील बाळी ह्यांमुळे त्यास ‘इल पिराता’ (समुद्री लुटारू) हे टोपणनाव पडले.

ऑक्टोबर १९९५ मध्ये मिलान–तूरिन शर्यतीत मोटारीशी टक्कर होऊन त्याच्या डाव्या पायाची हाडे मोडली. ह्या जीवघेण्या दुखापतीतून सावरून त्याने १९९८ मध्ये जीरो व टूर ह्या दोन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकल्या. गालिब्ये घाटातील थंडी-पावसात त्याने चढविलेल्या हल्ल्याने आधीच्या वर्षीचा विजेता यान उलरिख जवळजवळ नऊ मिनिटे मागे पडला. असा दुहेरी विजय त्यानंतर २०२४ पर्यंत कोणासही साधला नाही.

५ जून १९९९ रोजी जीरोचे दोनच टप्पे उरले असताना आघाडीवरील पांतानीच्या रक्तात तांबड्या कोशिकांचे प्रमाण ५२ टक्के आढळले. मर्यादा ५० टक्के होती. एरिथ्रोपोयटीन हे कोशिकावर्धक हॉर्मोन ओळखणारी मान्य चाचणी त्या वेळी नसल्याने १९९७ पासून ही मर्यादा लागू होती. तिचे उल्लंघन हा उत्तेजक घेतल्याचा पुरावा मानला जात नसे. स्पर्धकास केवळ पंधरा दिवस शर्यतीस मनाई होई. तथापि भर शर्यतीतून हकालपट्टी झाल्याने त्याची प्रतिष्ठा ढासळली. आपल्यावर अन्याय झाला, ही त्याची भावना अखेरपर्यंत कायम राहिली.

२००० च्या टूरमधील दोन टप्प्यांचे विजय हे त्याचे शेवटचे यश. पुढे चौकशा, नैराश्य व कोकेनचे व्यसन ह्यांनी तो खचत गेला. २००३ च्या जीरोत तो चौदावा आला. रीमीनी येथील एका हॉटेलात कोकेनच्या विषबाधेने त्याचे निधन झाले.

१९९८ च्या टूरमधील त्याच्या नमुन्यांत एरिथ्रोपोयटीन आढळल्याचे २०१३ मध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालामुळे उघड झाले. तथापि ते विजेतेपद रद्द झाले नाही. त्या काळी हे औषध शर्यतपटूंत सर्रास वापरले जाई व अनेक प्रतिस्पर्धीही त्यात गुंतले होते. त्यामुळे त्याचे दोष नाकारता येत नाहीत. परंतु ते त्याच्या एकट्याचेही नव्हते. चेझेनातिको येथे त्याचा पुतळा व स्मृतिसंग्रहालय आहे.