नळी, बोट आणि विजेची तार

भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात, आणि आठवड्याभरात घरातल्या सगळ्यांच्या लक्षात येते की रात्रीतून तीन-चार वेळा बाथरूमचा दिवा लागतो आहे. विचारले तर उत्तर ठरलेले: "अरे, वय झाले आता. इथली थंडी बाधते." बापाने मुलाला सांगावे असा हा विषय नाही, आणि मुलाने विचारावे असाही नाही, अशी आपली समजूत! म्हणून हा इतिहास.

प्रॉस्टेट ही मूत्राशयाच्या खाली असलेली, अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. सगळी अडचण त्या रचनेत आहे. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर दहापैकी आठ-नऊ जणांत ती वाढलेली आढळते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. जंतुसंसर्गाने सूज येते तो तिसराच प्रकार; त्याला अँटिबायोटिक लागते.

सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या प्रकारांत 'वाताष्ठीला' येते: मूत्राशय आणि गुदमार्ग यांच्यामध्ये दगडासारखी घट्ट गाठ, तिने लघवी अडते. मराठी परिभाषेत प्रॉस्टेटला 'अष्ठीला ग्रंथी' असाही शब्द आहे. पण "आमच्याकडे सगळे आधीच होते" असे म्हणायची घाई नको. वर्णन जुळते, एवढेच.

त्यानंतर शतकानुशतके उपाय एकच, नळी. बेंजामिन फ्रँकलिनने 1752 मध्ये बोस्टनच्या आपल्या भावासाठी चांदीची लवचिक नळी करवून घेतली होती. भावाचे दुखणे मात्र मूतखड्याचे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले म्हातारे गृहस्थ नळी जवळ बाळगत आणि दिवसातून अनेकदा स्वतःच घालत. निर्जंतुक करण्याची कल्पना नव्हती, त्यामुळे अडलेल्या लघवीतून वाचलेला माणूस पुष्कळदा नळीच्या तापाने जाई.

पुढचा माणूस आपल्या ओळखीच्या मुलखातून आलेला. पीटर फ्रेयर हा आयरिश सर्जन 1875 मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला. रामपूरच्या नवाबाचा मूतखडा त्याने काढला, तेव्हा नवाबाने एक लाख रुपये दिले आणि सरकारच्या कपाळाला आठ्या पडल्या. हिंदुस्थानात मूतखड्याचे रोगी मुबलक, त्यामुळे त्याचा हात तिथे तयार झाला. निवृत्तीनंतर लंडनच्या सेंट पीटर्स हॉस्पिटलात 1900 साली त्याने वाढलेली ग्रंथी काढली. ओटीपोटातून मूत्राशय उघडायचे, दुसऱ्या हाताच्या बोटाने गुदमार्गातून ग्रंथी वर ढकलायची, आणि आतल्या बोटाने ती सालीतून संत्रे सोलावे तशी मोकळी करायची. काम काही मिनिटांचे. न्यूयॉर्कचा यूजीन फुलर हेच काही वर्षे आधी करत होता, त्यामुळे श्रेयावरून भांडण जुंपले. माझ्या मते कल्पना फुलरची, पण शेकडो ऑपरेशने करून, मृत्यूंचे आकडे छापून जगाची खात्री पटवली ती फ्रेयरने.

आम्हा इंजिनिअर मंडळींनी कॉलर ताठ करावी अशी गोष्ट त्यापुढची. पोट न फाडता, लघवीच्या मार्गानेच तारेचे कडे आत घालून ग्रंथी तासायची, असे उपकरण मॅक्सिमिलियन स्टर्नने 1926 मध्ये केले. अडचण रक्तस्रावाची. ती सोडवण्यात मोठा वाटा थिओडोर डेव्हिसचा, आणि हा गृहस्थ सर्जन होण्याआधी इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता! घरातल्या विजेने स्नायू आखडतात; पण सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारा प्रवाह स्नायूंना झटका देत नाही, फक्त उष्णता देतो. तो अखंड वाहिला तर कापतो, तुटक वाहिला तर रक्त गोठवतो. डेव्हिसने दोन्ही प्रवाह पायाखालच्या पेडलवर आणले. पुढे हॅरल्ड हॉपकिन्सच्या काचकांड्यांच्या भिंगांनी आतले चित्र स्वच्छ झाले. लेझर आले तरी ही पद्धत आजही वापरात आहे. 1992 पासून ग्रंथी लहान करणारे फिनॅस्टेराइड मिळू लागले, आणि आता बहुतेकांचे आधी गोळ्यांवरच भागते.

कॅन्सरची कथा वेगळी. 1941 मध्ये शिकागोत चार्ल्स हगिन्सने दाखवले की पुरुषी हार्मोन तोडले तर पसरलेला कॅन्सरही मागे हटतो. 1966 चे नोबेल त्याला मिळाले. पी.एस.ए. ही रक्ताची चाचणी अमेरिकेत 1986 मध्ये उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी आणि 1994 मध्ये निदानाला मदत म्हणून मान्य झाली. मग निरुपद्रवी कॅन्सरही कापले जाऊ लागले; लघवीवरचा ताबा आणि पुरुषत्व गमावलेले कितीतरी. 2012 मध्ये सरकारनियुक्त तज्ज्ञगटाने सरसकट चाचणी नको म्हटले. 2018 मध्ये 55 ते 69 वयात डॉक्टरांशी बोलून ठरवा, असा सल्ला दिला.

वडिलांना घेऊन येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दुकानात मिळणाऱ्या सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी वाढलेल्या प्रॉस्टेटची लघवी पूर्ण अडू शकते. तसे झाले तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सीत न्यावे. आणि व्हिजिटर विमा जुने दुखणे बहुधा वगळतो, तेव्हा तपासणी तिकडेच करून यावे.

ज्यांच्या चाचणीत कॅन्सर निघाला आहे त्यांनी ब्रिटनमधल्या 1643 पुरुषांचा अभ्यास डॉक्टरांना जरूर विचारावा. एका गटावर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला किरणोपचार, तिसऱ्यावर नुसती देखरेख. 2023 मध्ये निकाल आला: पंधरा वर्षांत या कॅन्सरने गेलेले तिन्ही गटांत सुमारे तीन टक्केच. मात्र हे कॅन्सर ग्रंथीबाहेर न पसरलेले होते, आणि देखरेखीच्या गटात रोग पसरलेले इतर गटांहून जास्त निघाले.