मूर्तिजापूरचे वसंतराव

अकोल्याहून अमरावतीकडे रेल्वेने निघालेल्या माणसाला मूर्तिजापूर लागतेच. आमच्या वडिलांच्या पिढीला हे स्टेशन ठाऊक होते ते 'शकुंतले'मुळे. एका अंगाला अचलपूर आणि दुसऱ्या अंगाला यवतमाळ अशा दोन फाट्यांवर ही चिमुकली गाडी मूर्तिजापुरातून सुटे, आणि १९९४ पर्यंत ती वाफेच्या एंजिनावरच धावत होती. उतारू खाली उतरून, शेतातला हरभरा उपटून, पुन्हा चालत्या गाडीत चढतो, असा तिचा लौकिक! आता तीही थांबली. गावाला ओळख राहिली ती बाजाराची, गाडगेबाबांच्या गोरक्षणाची आणि उन्हाळ्याची.

याच मूर्तिजापुरात २ मे १९२० रोजी वसंतराव देशपांडे यांचा जन्म झाला.

हे वाक्य मी वऱ्हाडात ज्या ज्या ठिकाणी उच्चारले, त्या त्या ठिकाणी समोरचा गृहस्थ थोडासा दचकला आहे. "थो तं पुन्याचा मानूस व्हय ना जी!" असे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला ठणकावून सांगितले होते. त्याचे तरी काय चुकले? वसंतराव नोकरी करीत होते पुण्यात, नावारूपाला आले मुंबईच्या रंगभूमीवर, आणि ३० जुलै १९८३ रोजी त्यांनी देह ठेवला तोही पुण्यातच. मग ते आमचे कसे? दिवाळीच्या फराळाबरोबर हा वाद घालण्यासारखा आहे.

आधी थोडे त्या काळच्या वऱ्हाडाबद्दल सांगितले पाहिजे. आमच्या भागात गवयांची घराणी नव्हती. राजेरजवाडे नव्हते, तेव्हा दरबार नव्हता, आणि दरबार नाही तेथे उस्ताद येऊन कशाला राहतील? वऱ्हाडात होता तो कापूस. दिवाळी सरली, कापूस बाजारात आला, शेतकऱ्याच्या आणि अडत्याच्या हातात चार पैसे खुळखुळू लागले, म्हणजे नाटक कंपन्या अकोला, अमरावती, खामगाव असा दौरा काढीत. कंपनीचा मुक्काम हलला तरी तिची पदे मागे राहत. जिनिंगमधले कारकून आणि शाळेतली पोरे ती वर्षभर घोळवीत. त्याखेरीज गाणे म्हणजे कीर्तन आणि भजन. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आजोळी वाढलेले गाडगेबाबा हातातल्या दोन दगडांच्या ठेक्यावर हजारोंचा समुदाय डोलवीत. यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरीवर. हे शास्त्रोक्त गाणे नव्हे, हे खरे. पण शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज आणि अर्थ दोन्ही पोचले पाहिजेत, ही शिकवण त्यात होती. गवयांपैकी पुष्कळांना ती शेवटपर्यंत मिळत नाही.

नाटकाच्या बाबतीत वऱ्हाडने नुसते घेतलेच असे नाही, दिलेही आहे. अमरावतीचे वीर वामनराव जोशी स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. त्यांनी लिहिलेले 'रणदुंदुभि' १९२७ साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. पदांच्या चाली वझेबुवांच्या आणि गळा मास्तर दीनानाथ मंगेशकरांचा. दीनानाथांच्या त्या तेजस्वी, विजेसारख्या लखलखणाऱ्या तानांनी महाराष्ट्र वेडा झाला होता. वसंतराव त्या वेळी सात वर्षांचे. पुढे जन्मभर दीनानाथांची गायकी त्यांनी देवासारखी मानली. अमरावतीकराने लिहिलेल्या नाटकातली पदे गाऊन जो गायक गाजला, त्याचाच वारसा मूर्तिजापुरात जन्मलेल्या मुलाने उचलावा, यात योगायोग किती आणि आणखी काय किती हे ज्याने त्याने ठरवावे. मला हा धागा फार आवडतो, एवढेच सांगतो.

मूर्तिजापूर मात्र वसंतरावांना फार काळ लाभले नाही. आई तान्ह्या मुलाला घेऊन सासरच्या घरातून बाहेर पडली आणि नागपुरात येऊन तिने त्याला एकटीने वाढविले. शंभर वर्षांपूर्वीचा काळ डोळ्यांपुढे आणा. नवऱ्याचे घर सोडलेल्या बाईला भाड्याने खोली मिळायची पंचाईत, मग मानाचे तर नावच नको. अशा स्थितीत मुलाला दोन वेळा जेवू घालणे हीच मोठी गोष्ट. त्याला गाण्याच्या शाळेत घालायचे हे तिला सुचले कसे? घरात भजने म्हणणारी ती बाई होती. पोराच्या गळ्यात काही आहे, हे तिने सर्वांच्या आधी ओळखले. वसंतरावांचे चरित्र लिहिताना लोक उस्तादांची नावे मोजतात. माझ्या मते पहिले नाव आईचे घातले पाहिजे.

नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिक्षण सुरू झाले. सप्रेगुरुजी पलुस्करांच्या परंपरेतले. शिस्त कडक, पाठांतर पक्के. त्यांच्याच हाताखाली रामचंद्र चितळकर नावाचा, वसंतरावांहून दोन वर्षांनी मोठा असा एक मुलगा शिकत होता. तोच पुढे सी. रामचंद्र झाला. आता ही गंमत पाहा. एकाच गुरूच्या पुढ्यात बसलेली ही दोन मुले. एकाने हिंदी चित्रपटात गिटार, सॅक्सोफोन आणि शिट्टी आणून १९४७ च्या 'शहनाई'त सगळ्या देशाला ताल धरायला लावला. दुसरा तंबोऱ्याशी राहिला. आमच्या शाळेतली मुले हल्ली कानांत बोंडे अडकवून विजेच्या पेटीवर रचलेली गाणी ऐकतात, आणि त्याला इलेक्ट्रोपॉप म्हणतात असे मला शिकवतात. गाणे यंत्रातून निघते म्हणून ते हलके, असे म्हणणारे शिक्षक आहेत. मी त्यांतला नाही. मी त्या मुलांना एवढेच सांगतो की, बाबांनो, परदेशी वाद्यांवर नाचायला लावणारी गाणी रचणारा तो माणूस सप्रेगुरुजींकडे सा लावायला शिकला होता.

१९३५ साली भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' या हिंदी बोलपटात वसंतरावांनी कृष्णाचे काम केले. (याच नावाचा दादासाहेब फाळक्यांचा मूकपट १९१९ चा, त्यात फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. दोहोंत गल्लत करू नये.) कृष्ण झालेल्या मुलाचे पुढे काय होते? बहुधा काही होत नाही. आवाज फुटतो, मिसरूड येते आणि कंपनी दुसरा कृष्ण शोधते. वसंतरावांनाही बोलपटाने हाताला धरून पुढे नेले नाही.

नेले ते लाहोरने. त्यांचे मामा त्या वेळी लाहोरला होते. भाचा तिकडे गेला आणि पतियाळा घराण्याचे असदअली खाँ यांच्यापाशी पोचला. पुढची हकीकत गाणाऱ्यांच्या वर्तुळात सर्वश्रुत आहे. उस्तादांनी शिकविला फक्त मारवा. एक महिना मारवा, दुसरा महिना मारवा, सहा महिने मारवाच! या रागात पंचम नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र. षड्ज तर असा चुकवीत चुकवीत गायचा की, घराचे दार दिसते आहे पण आत पाऊल टाकता येत नाही, असे ऐकणाऱ्याला वाटावे. दिवस मावळताना गायचा हा राग. सहा महिन्यांनी उस्ताद म्हणाले की, आता तुला गाणे आले, जा. हताश झालेल्या पोराला आधी ती थट्टाच वाटली असेल. पण एक राग तळापर्यंत खणला की बाकीच्या रागांचे पाणी कोठे लागते ते कळते, ही त्यातली मेख. आम्ही शाळामास्तर एका वर्षात बारा विषय 'पुरे करतो'. हा प्रसंग आठवला की मला माझ्या वेळापत्रकाकडे पाहवत नाही.

पुढे पुण्यास किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने भेटले. भेंडीबझारच्या गायकीचीही तालीम मिळाली. सप्रे, असदअली, सुरेशबाबू, आणि मनात कायमचे दीनानाथ! गाण्याच्या जगात 'तुमचे घराणे कोणते?' हा प्रश्न लग्नाच्या बैठकीत गोत्र विचारावे तसा विचारतात. वसंतरावांपाशी त्याला सरळ उत्तर नव्हते. माझे घराणे माझ्यापासून सुरू होते, असे ते म्हणत. लोकांना त्यात तोरा दिसला. जन्मल्यावर बापाच्या घराबाहेर पडावे लागलेल्या मुलाचे हे वाक्य आहे, हे ध्यानात घेतले की ते निराळे ऐकू येते.

आणि मग नोकरी. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात वसंतराव कारकून म्हणून लागले आणि सुमारे २४ वर्षे तेथेच राहिले.

येथे मला थोडे थांबायचे आहे. दरवर्षी माझ्याकडे दोन-तीन पालक येतात. पोरगा किंवा पोरगी बरे गाते. आता पुढे काय करावे, असे विचारतात. एक पक्ष म्हणतो की आधी नोकरी, मग गाणे, आणि दाखला वसंतरावांचा देतो. दुसरा म्हणतो की नोकरीत गाणे मरते, आणि दाखला पुन्हा वसंतरावांचाच! दोन्ही बाजू थोड्या खऱ्या आहेत. ज्या घरात आईने एकटीने कष्ट उपसले, त्या घरातल्या मुलाने एक तारखेचा पगार सोडून मैफलीच्या बिदागीवर संसार टाकावा, असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? त्या पगाराने घर चालले. शिवाय पोटासाठी गायचे नसल्याने वसंतरावांना कोणाची मर्जी सांभाळावी लागली नाही. त्यांच्या गाण्यातला तो बेदरकारपणा, वाटेल त्या क्षणी वाटेल तिकडे झेपावणारी तान, तिच्यामागे महिन्याचा पगार उभा होता असे मला वाटते. मैफली होत होत्या, आकाशवाणीवर गाणे होत होते, चित्रपटात आवाज लागत होता. पु. ल. देशपांड्यांसारखा मित्र पेटीवर साथीला होता.

पण एकविशी-बाविशीपासून पंचेचाळिशीपर्यंतचा काळ म्हणजे गवयाच्या आवाजाचा भरदिवस. त्या काळात हा माणूस रोज सकाळी दहाला खतावण्या उघडून बसत होता, ही हानीच आहे. ती गोड शब्दांनी झाकता येत नाही. शेवटी बदली झाली ती थेट ईशान्य सीमेवर, नेफात. म्हणजे आजच्या अरुणाचलात. तेथे श्रोता कोण? डोंगर आणि पाऊस. १९६५ च्या सुमारास वसंतरावांनी ती नोकरी सोडली. पंचेचाळिसाव्या वर्षी, घरसंसार असताना, सरकारी नोकरी सोडणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात कोणी सरकारी नोकर आहे त्यांना सांगायला नको.

दोनच वर्षांनी, २४ डिसेंबर १९६७ रोजी, 'कट्यार काळजात घुसली'चा पहिला प्रयोग झाला. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, ते नागपूरचे. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, ते गोव्यातल्या मंगेशीचे. म्हणजे दीनानाथांच्याच गावचे. आणि खाँसाहेब आफताब हुसेनच्या भूमिकेत आमचे वसंतराव, वय वर्षे ४७. संगीत नाटकाचे दिवस संपले असे त्या काळी जो तो म्हणत होता. पडदा वर गेला आणि विश्रामपूरच्या दरबारातला तो अभिमानी, आतून एकटा, गाण्यापायी उग्र झालेला उस्ताद लोकांनी पाहिला. भार्गवराम आचरेकर पंडितजींच्या भूमिकेत आणि फैय्याज झरीनाच्या. हजारावर प्रयोग झाले.

खाँसाहेबांची ती उर्दू, तो बसण्याउठण्याचा रुबाब वसंतरावांनी कोठून आणला असे लोक विचारीत. लाहोरहून आणला, दुसरे कोठून? तीस वर्षे तो कपाटात घडी घालून ठेवला होता. आणि त्या नाटकातला सदाशिव, जो विद्येसाठी वैऱ्याच्या घरी नोकर होऊन राहतो, दाराआडून ऐकून शिकतो, त्याच्याकडे पाहताना खाँसाहेबांचा आवाज जो हलतो, तो अभिनय होता असे मी म्हणणार नाही. दारोदार विद्या मागत हिंडलेला मुलगा त्या अंगरख्याच्या आत होता.

त्यानंतरची सोळा वर्षे भरभरून गेली. ती सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून लांबण लावीत नाही. नाट्यसंगीत कसकसे बदलत आले हे ते गाऊन आणि बोलून समजावीत. १९७९ च्या 'अष्टविनायक' चित्रपटात मुलीला सासरी धाडणाऱ्या बापाच्या तोंडचे गाणे त्यांनी म्हटले, ते आजही वऱ्हाडातल्या लग्नात वाजते आणि मांडवातल्या बायका पदर डोळ्याला लावतात. १९८२ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी ते गेले. वय त्रेसष्ट.

नागपूरने आपल्या मोठ्या सभागृहाला त्यांचे नाव दिले. २०१५ साली 'कट्यार' पडद्यावर आली, तेव्हा शंकर-एहसान-लॉय या त्रयीने नव्या वाद्यांसह नवी गाणी दिली आणि खाँसाहेबांना आवाज दिला तो वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. पुढे 'मी वसंतराव' या चित्रपटात नातू स्वतःच आजोबा झाला आणि त्यातल्या गायनासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो चित्रपट पाहून माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारले की, सर, मूर्तिजापुरात त्यांचे घर कोठे होते? मी तिला स्टेशनपासूनचा रस्ता सांगू लागलो, तर ती म्हणाली, "तसं नाही. त्यांच्या आईचं घर विचारते."

त्यासाठी नागपूरला जावे लागेल, असे मी तिला सांगितले.