सोफ्याची सफाई : पाणी घालणे सोपे, काढणे अवघड

दसरा-दिवाळी जवळ आली की शहरांतील सोसायट्यांमध्ये सोफा आणि गालिचे स्वच्छ करून देणाऱ्यांची पत्रके दारोदार पडू लागतात. पूर्वी दिवाणखान्यातील बैठक म्हणजे गादी, तक्के आणि त्यांच्यावरचे पांढरे अभ्रे. अभ्रा काढावा, धुवावा, पुन्हा चढवावा आणि गादी उन्हात टाकावी, इतकी ती सफाई सोपी होती. आजच्या सोफ्याचे कापड मात्र बहुधा लाकडी सांगाड्याला कायमचे ठोकलेले असते. ते काढता येत नाही, पिळता येत नाही आणि दोरीवर वाळतही घालता येत नाही. जे करायचे ते जागच्या जागी आणि आतील फोम न भिजवता करावे लागते. व्यावसायिक साधनांची गरज नेमकी येथेच निर्माण होते. ती निवडताना यंत्राचा आकार, फेसाचे प्रमाण किंवा सुगंध यांपेक्षा एकच कसोटी महत्त्वाची ठरते. ती म्हणजे, सोफ्यात घातलेले पाणी आणि त्यासोबतचा मळ हे साधन कितपत बाहेर काढते?

धूळ आधी, पाणी नंतर

सोफ्यातील मळाचा मोठा भाग कोरड्या धुळीचा असतो. ही धूळ ओली झाली की तिचा चिखल होतो आणि तो विणीत खोलवर बसतो. म्हणून पहिले साधन व्हॅक्युम क्लीनर हेच होय. त्याच्या जन्मकथेशीही खुर्चीचा संबंध आहे. ब्रिटिश अभियंता ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी धूळ फुंकून उडवणारे एक यंत्र पाहिले आणि फुंकण्याऐवजी ती ओढून का घेऊ नये, असा प्रश्न त्यांना पडला. लंडनच्या एका उपाहारगृहातील मखमली खुर्चीच्या पाठीला तोंड लावून त्यांनी हवा ओढून पाहिली, तेव्हा धुळीने गुदमरण्याची वेळ त्यांच्यावर आली. १९०१ मध्ये त्यांनी आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. भारतात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्जच्या दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांनी हे यंत्र मध्यमवर्गीय घरांत पोहोचवले.

यंत्रासोबत मिळणारी जोडतोंडे अनेक घरांत खोक्यातच पडून राहतात. सोफ्यासाठी मात्र तीच कामाची असतात. रुंद, चपटे तोंड बैठकीसाठी, निमुळती चपटी नळी शिवणी व फटींसाठी, तर मऊ केसांचा गोल ब्रश कोरीव लाकूड आणि बटणांच्या खळग्यांसाठी वापरावा. फरशीचे तोंड सोफ्यावर फिरवू नये.

दमा किंवा ॲलर्जीचा रुग्ण घरात असल्यास हेपा गाळणीचे यंत्र घेणे श्रेयस्कर. ही गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवते. जाड कापड व फोम यांत धूलिकीटक वाढतात. त्यांची लांबी जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर असते. त्यांच्या विष्ठेचे कण श्वासावाटे शरीरात गेल्यास शिंका, खाज व दम्याचा त्रास बळावतो. साध्या पिशवीच्या यंत्रातून यांपैकी काही कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत पसरतात.

कापड ओळखा

साधन निवडण्यापूर्वी कापड ओळखणे आवश्यक आहे. अनेक आयात केलेल्या सोफ्यांच्या गादीखाली एक पट्टी असते आणि तिच्यावर रोमन अक्षरांत खूण असते. ‘डब्ल्यू’ म्हणजे पाण्याच्या द्रावणाने सफाई चालेल, ‘एस’ म्हणजे केवळ ड्रायक्लीनिंगचे द्रावक वापरावे, ‘डब्ल्यूएस’ म्हणजे दोन्ही चालतील आणि ‘एक्स’ म्हणजे फक्त व्हॅक्युम करावे.

स्थानिक कारागिराकडून बनवून घेतलेल्या सोफ्यावर अशी खूण सहसा नसते. अशा वेळी अनुभवी कारागीर तळाच्या आतल्या शिवणीतून एक धागा काढतो आणि तो चिमट्यात धरून धातूच्या ताटलीवर जाळून पाहतो. सुताला कागद जळाल्याचा वास येतो, लोकरीला व रेशमाला केस जळाल्याचा, तर पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिएस्टर पाणी सोसते. सूत फार भिजल्यास वाळताना पिवळसर-तपकिरी डाग पडू शकतात. व्हिस्कोजचा धागा ओला होताच दुबळा होतो. म्हणूनच व्हिस्कोजच्या मखमलीवर पाण्याचे यंत्र चालवल्यास तिची लव कायमची दबते. ओळख पटल्यानंतरही सोफ्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या भागावर थोडे द्रावण लावून पांढऱ्या फडक्याने टिपावे. फडक्यावर रंग आला किंवा वाळल्यावर कड उमटली, तर ते द्रावण वापरू नये.

यंत्र निवडताना

व्यावसायिक सफाईचे मुख्य यंत्र म्हणजे एक्स्ट्रॅक्शन मशिन. त्यात दोन टाक्या, एक पंप आणि ओढणारी मोटर असते. पहिल्या टाकीतील स्वच्छ द्रावण हातातील तोंडावाटे कापडावर फवारले जाते आणि त्याच तोंडातील फटीतून मळासह लगेच ओढून दुसऱ्या टाकीत जाते. व्यवहारात याला ‘स्टीम क्लीनिंग’ असेही म्हणतात. प्रत्यक्षात त्यात बहुधा वाफ नसते, गरम पाणी असते.

हे यंत्र निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ओढण्याची शक्ती. ती ‘वॉटर लिफ्ट’ या मापात सांगितली जाते आणि ती जितकी अधिक तितके कापड लवकर कोरडे होते. केवळ मोटरचे वॉट पाहून हा अंदाज येत नाही. दुसरी, पंपाचा दाब कमी-जास्त करण्याची सोय. गालिच्याला चालणारा दाब सोफ्याला चालत नाही, कारण त्याने पाणी कापडातून थेट फोममध्ये जाते. तिसरी, सोफ्यासाठीचे वेगळे अरुंद तोंड. ते पारदर्शक असेल तर ओढले जाणारे पाणी कारागिराला दिसते. पाणी गढूळ येत आहे तोवर मळ निघत आहे असे समजावे.

वापराचा नियमही सोपा आहे. एक फेरा फवारत ओढावा आणि त्याच पट्ट्यावर फवारा बंद ठेवून आणखी दोन कोरे फेरे ओढावेत. घाईत हे कोरे फेरेच गाळले जातात आणि सोफा दोन दिवस ओला राहतो.

फेस करणाऱ्या शाम्पू यंत्राने सोफा तात्पुरता उजळ दिसतो. परंतु ओढणारे साधन नसल्यास साबणाचा अंश कापडातच राहतो. तो चिकट असल्याने नवी धूळ धरून ठेवतो आणि सोफा पूर्वीपेक्षा लवकर मळतो. घरातील साध्या, कोरड्या व्हॅक्युम क्लीनरने पाणी ओढण्याचा प्रयत्न मात्र कदापि करू नये. पाणी मोटरपर्यंत गेल्यास विजेचा धक्का बसू शकतो. त्यासाठी ‘वेट अँड ड्राय’ प्रकारचेच यंत्र लागते.

ब्रश, फडकी आणि द्रावणे

घासण्यासाठी मऊ नायलॉनचा, तर नाजूक कापडासाठी घोड्याच्या केसांचा ब्रश वापरतात. फडकी पांढरीच असावीत, म्हणजे त्यांचा रंग सोफ्याला लागत नाही आणि सोफ्याचा रंग सुटल्यास तो लगेच दिसतो. डाग चोळू नये, कडेकडून मध्याकडे टिपत यावे.

द्रावणाची आम्लता वा अल्कधर्मिता का महत्त्वाची, हे हळदीच्या डागावरून कळते. पिवळ्या डागावर कपड्यांचा साबण लावताच तो लालसर होतो, कारण हळदीतील कर्क्युमिन अल्कधर्मी पदार्थात रंग बदलते. कपडे धुण्याची पूड अशीच अल्कधर्मी असते. तिने चहाचा डाग अधिक गडद होऊ शकतो आणि लोकर व रेशीम यांची हानी होते. चहा-कॉफीसाठी सौम्य आम्लधर्मी, तेल-तुपासाठी द्रावक आणि सर्वसाधारण सफाईसाठी उदासीन द्रावण अशी निवड जाणकार करतात. द्रावक वापरताना खिडक्या उघड्या असाव्यात आणि गॅसची शेगडी, समई, उदबत्ती बंद असावी.

वाळवणे हीही सफाईच

सफाईचा शेवटचा टप्पा सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. ओल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते. मुंबई-ठाण्याच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ही मुदत सहज उलटते. बुरशी एकदा फोममध्ये शिरली की वास जात नाही आणि बहुधा फोमच बदलावा लागतो. म्हणून जमिनीलगत जोराचा झोत सोडणारे पंखे हे यंत्राइतकेच आवश्यक साधन मानले जाते. ते नसल्यास छताचा पंखा, उभा पंखा आणि वातानुकूलन यंत्राचा ‘ड्राय’ पर्याय यांचा उपयोग करावा. सुट्या गाद्या आडव्या न ठेवता कडेवर उभ्या कराव्यात. ओली सफाई पावसाळा संपल्यावर, कोरड्या दिवशी सकाळी करणे उत्तम.

विकत घ्यावे की बोलवावे?

सर्वसाधारण कुटुंबाने चांगला व्हॅक्युम क्लीनर, त्याची तिन्ही जोडतोंडे, एक मऊ ब्रश आणि अर्धा डझन पांढरी फडकी एवढी साधने घरी ठेवावीत. आठवड्यातून एकदा व्हॅक्युम आणि सांडलेले तत्काळ टिपणे, एवढ्याने ओल्या सफाईची वेळ बरीच लांबते. एक्स्ट्रॅक्शन यंत्र वर्षातून एखाद्या वेळी लागते. ते विकत घेऊन माळ्यावर ठेवण्यापेक्षा व्यावसायिकाला बोलावणे परवडते.

मात्र काम ठरवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. आधी कोरडा व्हॅक्युम करणार का? लपलेल्या भागावर चाचणी घेणार का? यंत्राला स्वच्छ व मळक्या पाण्याच्या स्वतंत्र टाक्या आहेत का? आणि सोफा किती तासांत वाळेल? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘उद्या-परवा’ असे आले, तर नकार देणेच हिताचे. काम संपल्यावर बैठकीवर कोरडे पांढरे फडके तळव्याने दाबून पाहावे. ते केवळ दमट झाले तर काम नीट झाले. फडके चिंब झाले तर पैसे देण्यापूर्वी कोरे फेरे पुन्हा मारून घ्यावेत. सोफा खरोखर स्वच्छ झाला की नुसता भिजला, हे फडक्यावरून पाच सेकंदांत कळते.