खर्जाचा तंतु

ज्या मंडळीला आपल्या देवळांतील गायनाचा अभिमान असतो, ती गाणाऱ्यांचीं नांवें आवडीनें सांगते. पेटीवर कोण बसत असे, व्हायोलिन कोणाचें होतें, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला कोणाचा आवाज कसा लागला होता, हें सर्व तिच्या स्मरणांत असतें. परंतु त्या गायनाचा खालचा सूर कोणीं धरला होता, असें विचारलें असतां ती गप्प बसते. या जुबिलीच्या स्मरणिकेसाठीं कांहीं इतिहासपर लिहावें अशी आम्हांस विनंति झाली, त्याच सुमारास आमच्या तरुणांनीं एक प्रश्न पुढें मांडला होता: येथील वाद्यवृंदासाठीं बेस गिटार घ्यावी कीं घेऊं नये, आणि घ्यावयाची तर कोणती? यावरून मंडळींत सरळ दोन तट पडले. वडीलधाऱ्यांपैकीं कित्येकांचें म्हणणें कीं, हें नाचाच्या क्लबांतलें वाद्य; वेदीच्या जवळ त्याचें काय काम? तरुण म्हणतात, त्यावांचून गायन पोकळ वाटतें. दोन्ही पक्ष आमच्या घरचेच असल्यामुळें मत देण्यापूर्वीं आम्हीं थोडा शोध केला, व असें दिसून आलें कीं, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं.

आधीं खालचा सूर म्हणजे काय तें पाहूं. केज तालुक्यांत राहून ज्यानें एकादा हरिनाम सप्ताह ऐकला असेल, त्यास हें फारसें समजावून सांगावयास नको. पखवाजी वाजविण्यास बसण्यापूर्वीं कणीक भिजवून डाव्या पुडीवर थापतो. कणीक बसली कीं पुडी जड होते, जड झाली कीं सावकाश कांपते, आणि सावकाश कांपली कीं तिचा आवाज खालीं उतरतो. तबल्याचा डग्गा, तंबोऱ्याची खर्जाची तार, गोंधळ्याच्या संबळांतील थोरलें भांडें, हलगीच्या सोबतीचें घुमकें, हीं सर्व एकाच कामाचीं. बेस गिटारीची जाड तारहि याच नियमानें चालते. तिच्या पोलादी गाभ्यावर दुसरी तार गुंडाळून तिला वजन दिलेलें असतें, व मोकळी छेडली असतां ती एका सेकंदांत सुमारें ४१ आंदोलनें घेते. साध्या गिटारीची सर्वांत जाड तार याच्या दुप्पट घेते. कणीक आणि गुंडाळलेली तार यांत तत्त्वाचा भेद नाहीं.

आतां गोव्याकडे वळूं. आमच्या मराठी वाचकांस राशोल हें नांव फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणामुळें ठाऊक असतें. परंतु ज्या मुलुखांत ओवीबद्ध पुराण छापलें गेलें, त्याच मुलुखांत देवळाला लागून असलेल्या शाळांतून मुलांस स्वरलेखन वाचावयास शिकविलें जात असे. या शाळांची प्रथा सोळाव्या शतकापासूनची. शिकविणाऱ्यास मेस्त म्हणत. तो मुलांकडून आधीं स्वर म्हणवून घेई, मग लॅटिन गायन बसवी, मग हातीं व्हायोलिन देई. व्हायोलिनास पोर्तुगीज भाषेंत राबेका व त्याच्या थोरल्या भावास राबेकांव असें म्हणतात. हा राबेकांव म्हणजे उभ्यानें वाजवावयाचा, पुरुषभर उंचीचा, चार तारांचा डबल बेस. तरुणांच्या हातीं आज जी बेस गिटार दिसते, तिच्या चार तारा याच डबल बेसाच्या स्वरांत लावलेल्या असतात, एकहि स्वर इकडचा तिकडे नाहीं. म्हणजे ज्यास आम्हीं क्लबांतलें पोर समजत होतों, त्याचें घराणें चांगलें निघालें.

गोव्याच्या लहान गांवांत शिकलेल्या या मुलांस गांवांत पोट भरण्याजोगें काम नव्हतें. तीं मुंबईस गेलीं, धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गांवच्या कुडांत राहिलीं, आणि हॉटेलांतून, मूक चित्रपटांच्या थिएटरांतून, क्लबांतून वाजवूं लागलीं. १९३५ सालीं लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक आपला जॅझ वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला, तेव्हां तें नवें संगीत झटकन उचलणारे हेच लोक होते, कारण कागदावरचे स्वर वाचण्याची विद्या त्यांच्या हातीं देवळानें आधींच दिली होती. हळदोण्याचे आंतोनियु शाव्हियेर वाझ, जे चिक चॉकलेट या नांवानें गाजले, ते याच पिढींतले. आपल्या नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनीं १९५१ च्या अलबेला चित्रपटास संगीत दिलें, त्या कामीं चिक चॉकलेट यांचें साहाय्य त्यांस होतें. पुणतांब्याचा मराठी माणूस आणि हळदोण्याचा कॅथलिक तुतारीवाला यांच्या मेळांतून तीं गाणीं निघालीं, हें वाचून आम्हांस फार आनंद झाला.

पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येनें दिसूं लागले. संगीतकारास चाल सुचे. ती चाल पन्नास वाद्यांस वांटून कागदावर उतरविणें हें दुसऱ्याचें काम असे. सेबॅस्टियन डिसोझा यांनीं शंकर-जयकिशन यांच्यासाठीं तें अनेक वर्षें केलें. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनचे गुरु. त्यांनीं १९५८ मध्यें मुंबईंत भारतीय वादकांचा सिंफनी वाद्यवृंद उभारला. १९७७ च्या प्रसिद्ध चित्रपटांतील नायकास त्यांचें नांव मिळालें, तें त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं गुरूस केलेलें वंदन होतें. सारा देश तें नांव गुणगुणला आणि तें एका खऱ्या माणसाचें आहे याची बहुतेकांस कल्पनाहि नव्हती! गुरूची ही गत, तर मागच्या रांगेंत डबल बेस धरून उभा राहणाऱ्याची काय होणार? त्या काळच्या तबकड्यांवर गायकाचें व संगीतकाराचें नांव छापीत. वादकाचें बहुधा नसेच. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत बेस गिटार वाजविणारे टोनी वाझ यांचें नांव आज जाणकार घेतात, पण असे अपवाद थोडे.

डबल बेस गुणी खरा, पण त्याचे हाल फार. तो वाहून न्यावयास गाडी पाहिजे, ऊन लागलें कीं लांकूड तडकते, आणि तुताऱ्या व ढोल एकदम सुरू झाले कीं त्याचा आवाज बुडून जातो. त्याच्या मानेवर पडदे नसल्यामुळें बोट केसभर चुकलें तरी सूर सरकतो. अमेरिकेंत सिॲटल येथें पॉल टटमार्क यांनीं १९३६ च्या सुमारास विजेवर चालणारा, आडवा धरून वाजवावयाचा, पडद्यांचा बेस करून पाहिला. परंतु तो चालला नाहीं. कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांस मात्र यश आलें. हे गृहस्थ रेडिओ दुरुस्त करणारे, स्वतः गिटार वाजवीत नसत. १९५१ सालीं, म्हणजे अलबेलाच्याच वर्षीं, त्यांनीं चौतीस इंच तारेचा बेस बाजारांत आणला व पडद्यांमुळें सूर अचूक लागतो म्हणून त्याचें नांवच प्रिसिजन ठेविलें. पुढल्याच वर्षीं त्यासाठीं पंधरा इंची कर्ण्याचा वेगळा ॲम्प्लिफायर काढला. १९६० सालीं आलेल्या त्यांच्या जॅझ बेसाची मान वरच्या टोंकाशीं अरुंद आहे, म्हणून लहान हाताच्या वादकास ती सोयीची पडते. आज जगांत जे स्वस्त-महाग बेस विकले जातात, त्यांपैकीं पुष्कळसे या दोहोंचींच रूपें होत.

आतां वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाकडे येऊं, कारण तो पोकळ नाहीं. २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, म्हणजे संत सिसिलियेच्या सणाच्या दिवशीं, परमगुरुस्वामी दहावे पायस यांनीं देवळांतील संगीताविषयीं आज्ञापत्र काढलें. त्यांत पियानो, ढोल, झांजा अशा वाद्यांस देवळांत मनाई केली आणि बँड देवळांत वाजवूं नये असें सांगितलें. मिरवणुकींत मात्र महागुरुस्वामींच्या परवानगीनें बँड चाले. ही आज्ञा अक्षरशः पाळावयाची म्हटली तर आमचा तबला नि डग्गा दोन्ही दाराबाहेर ठेवावे लागले असते, हें आमच्या वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें. पुढें १९५५ च्या नाताळांत बारावे पायस यांनीं व्हायोलिन व गजानें वाजणाऱ्या इतर वाद्यांचा गौरव केला; राबेकांव त्यांतच आला. आणि ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें ऑर्गनचा मान कायम राखून, इतर वाद्येंहि पवित्र उपयोगास योग्य असलीं आणि प्रदेशाच्या धर्माधिकाऱ्यांची संमति असली तर घेतां येतील, असें ठरविलें. आमचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ सालचा. म्हणजे ही मोकळीक धर्मप्रांताहून वयानें वडील आहे. तथापि १९०३ च्या पत्रांतील एक गोष्ट आजहि खरी आहे: वाद्यानें गायनास आधार द्यावा, त्यास दडपूं नये. आमच्या मतें ही कसोटी बेसास लागू करावी, त्याच्या जातीची चौकशी करूं नये.

जातीचा शब्द निघाला म्हणून एक कटु गोष्ट बोलणें भाग आहे. मराठवाड्याच्या गांवगाड्यांत हलगी व घुमकें वाजविणें हें हौसेचें काम नव्हतें. तें कांहीं समाजांवर, विशेषतः मातंगांवर, लादलेलें होतें. लग्न असो, जत्रा असो, प्रेतयात्रा असो, वाजविणारा पुढें चाले आणि पंगतीला मागें बसे. आमच्यापैकीं पुष्कळ घराण्यांस हें ऐकीव माहितीनें नव्हे तर अंगाच्या अनुभवानें ठाऊक आहे. मग पितळी बँड आला. मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या आंबेजोगाईस, निजामाच्या राज्यांत हैदराबाद कॉन्टिंजंटची छावणी होती. देशभर अशा लष्करी छावण्यांच्या धर्तीवर लग्नाचे बँड निघाले व मेरठेंत त्यांचीं वाद्यें घडूं लागलीं. अंगावर झगझगीत डगला आला, पण मान फारसा वाढला नाहीं. बँडांत खालचा सूर युफोनियमवाल्याकडे असे. त्यानंतर बँजो पार्टी आली, त्यानंतर डीजे. आतां खर्ज इतका मोठा झाला आहे कीं खिडक्यांचीं तावदानें वाजतात आणि वाजविणारा माणूसच उरलेला नाहीं. आमचे कांहीं वृद्ध म्हणतात, पोरांनीं वाजंत्र्याचें काम पुन्हा कशाला हातीं घ्यावें? त्यांचें दुःख आम्ही समजतों. परंतु लादलेलें वाजविणें आणि स्वतः निवडून, शिकून, देवळांत बसून वाजविणें यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे, असें आम्हांस वाटतें.

राहिला खरेदीचा प्रश्न. येथें आमचीच एक फजिती सांगितली पाहिजे. मागें एका नाताळास आम्हीं दूरच्या शहरांतील एका दुकानांतून साध्या गिटारीचा लहान ॲम्प्लिफायर आणला व उसना बेस त्यास जोडला. दुकानदार म्हणाला, चालेल. मध्यरात्रीच्या मिस्सेंत ग्लोरिया सुरू होतांच कर्ण्याचा कागद फाटला आणि बेसाच्या जागीं म्हशीच्या घशांतून निघावा तसा आवाज निघूं लागला. मुलें हंसलीं, आम्हीं खालीं मान घातली. कारण सोपें आहे. खालचे सूर कानास कमी ऐकूं येतात, म्हणून ते ऐकविण्यास जास्त शक्ति व पुष्कळ हवा हलविणारा मोठा कर्णा लागतो. म्हणून पैशांची वांटणी करतांना वाद्यावर थोडे कमी व ॲम्प्लिफायरावर थोडे अधिक खर्चावे. देवळापुरता बारा किंवा पंधरा इंची एक कर्णा पुरेल. बेसासाठींच केलेला असावा, एवढी अट.

वाद्य चार तारांचें साधें घ्यावें. पांच-सहा तारांचा मोह तरुणांस होतो, तो आवरावा. कांहीं बेसांच्या पोटांत नऊ व्होल्टची बॅटरी लागते व ती ऐन उपासनेच्या वेळीं संपते. बिनबॅटरीचा बेस बरा. तारा चपट्या वेटोळ्यांच्या निवडाव्या. त्यांचा आवाज गोल व मऊ निघतो, बोटांची खरखर कमी होते, आणि त्या पुष्कळ टिकतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठीं तीस इंची आंखूड बेस मिळतो. केजच्या उन्हाळ्यांत लांकूड सुकतें व पावसाळ्यांत फुगतें, त्यामुळें मान किंचित् वांकते. तिच्या पोटांतील लोखंडी सळई अल्पशी फिरवून ती सरळ करतां येते, परंतु हें काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावें. १९९१ पूर्वीं परदेशी वाद्य मिळविणें म्हणजे दिव्य होतें. आयातीचे निर्बंध व जकात यांमुळें बँडवाले कलकत्त्याच्या गिव्हसनवर किंवा कोणा खलाशाच्या उपकारावर भागवीत. आज तशी अडचण नाहीं. धोबीतलावास फुर्ताडो यांची पेढी १८६५ पासून आहे. तेथें जाऊन वाद्य हातांत धरून पाहावें. खांद्यावर अर्धा तास अडकवून उभें राहावें, कारण चार किलोचें ओझें मिस्सा संपेपर्यंत पेलावयाचें असतें.

आणि वाजविणार कोण? तरुणांनीं चार मुलग्यांचीं नांवें दिलीं आहेत, मुलीचें एकहि नाहीं. मुंबईची मोहिनी डे ही १९९६ सालीं जन्मलेली मुलगी. वडील बेसवादक, त्यांजपाशींच शिकली, आणि ए. आर. रहमान यांच्या वाद्यवृंदांत वाजवून जगभर नांवाजली. आमच्या गायकवृंदांतील मुलींपैकीं दोघींस ताल व स्वरलेखन यांची जाण मुलांहून अधिक आहे, हें पेटीवर बसणाऱ्या आमच्या वृद्ध गुरुजींनीं स्वतः सांगितलें.

आमचें मत बेस घ्यावा असें पडलें आहे व तें आम्हीं पंचमंडळींस कळविलें आहे. त्यासोबत एवढेंच लिहून दिलें कीं, स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर गायकवृंदाचीं नांवें छापतांना यंदा डग्गा वाजविणाऱ्याचेंहि नांव घालावें. तें राहून गेलें होतें.