वाड्यांचे लाकूड, भिंतींचे गवत

सातारा-सांगली परिसरातील जुन्या घरांत लाकूड भरपूर असे. पण नॉर्वेसारख्या देशांत बाहेरच्या भिंतींना फळ्या ठोकण्याची जी रीत आहे, ती येथे रुजली नाही. पावसाची झड, उन्हाचा ताव आणि वाळवी यांपुढे उघडी फळी फार काळ टिकत नाही. म्हणून येथील सुतारांनी लाकूड भिंतीच्या आत किंवा वळचणीखाली ठेवले.

याचा उत्तम नमुना म्हणजे वाईजवळ मेणवली येथे कृष्णाकाठी असलेला नाना फडणवीसांचा वाडा. तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अशा वाड्यांत दगडी जोत्यावर सागवानी खांब उभे राहत. त्यांवर तुळया आणि वर कडीपाट. मजल्याचा बराचसा भार हा सांगाडाच पेली. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि घराचे माप खणांत सांगितले जाई. बाहेरच्या भिंती जाड आणि कमी खिडक्यांच्या असत. कोरीव महिरपी, सुरूच्या आकाराचे खांब आणि केळफुले चौकाच्या बाजूला दिसत. रस्त्याकडे एखादा सज्जा तेवढा डोकावे. या पद्धतीला धोका आगीचा होता. पुण्यात १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला तेव्हा लाकडी मजले गेले. दगडी जोती आणि तटबंदी उरली.

त्याच सुमारास इंग्रजांनी महाबळेश्वरी बंगले बांधण्यास सुरुवात केली. तेथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभ्याच्या सच्छिद्र भिंती पाणी शोषतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी भिंतींना बाहेरून गवताचे आच्छादन बांधत आणि पाऊस सरला की उतरवत. दरवर्षी बदलता येणारे हे आवरण फळ्यांपेक्षा स्वस्त पडे.

पूर्वेकडे पाऊस झपाट्याने घटतो. सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत भिंतींना आवरणाची गरजच नव्हती. तेथे माळवदाची घरे होती; लाकूड तुळया आणि कड्यांपुरते, त्यावर मातीचा जाड थर.

विसाव्या शतकात सिमेंट आणि लोखंड आले, सागवान महागले. महाबळेश्वरी गवताबरोबर पत्रा आणि प्लास्टिकही वापरात आले. पाडलेल्या वाड्यांचे खांब आणि दरवाजे आता नव्या बंगल्यांत व हॉटेलांत शोभेसाठी बसवले जातात. भार मात्र काँक्रीट पेलते.